भरतीरेषेवरचा पूल आणि त्याचा सत्तर वर्षांचा हिशेब

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा नियोजन समित्यांच्या सर्व सन्माननीय सदस्यांना, आणि खाड्यांवरच्या कामांची अंदाजपत्रकं तयार करणाऱ्या माझ्या तरुण अभियंता मित्रांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मासेमारी बंद होती तेव्हा आमच्या वाडीतला एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होडीसाठी नवं इंजिन घ्यायला निघाला. "तुम्ही इंजिनियर ना, चला संगती," म्हणून मलाही घेऊन गेला. दुकानदाराने दोन इंजिनं दाखवली. दोन्ही सारख्याच ताकदीची, पण एक साठ हजारांनी स्वस्त. मला वाटलं आता घासाघीस सुरू होईल. तांडेलाने किंमत विचारलीच नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, "हा तासाला डिझेल किती खातो?" मग त्याने विचारलं की ह्याचे पार्ट हर्णैला मिळतात की मुंबईहून मागवायचे. जाता जाता त्याने हेही काढून घेतलं की पाच-सात वर्षांनी काढायचं झालं तर गिऱ्हाईक काय देईल. एवढं झाल्यावर त्याने खिशातून पेन काढलं, बिडीच्या कागदावर दोन-चार आकडे मांडले आणि महागातलं इंजिन घेतलं.

हा माणूस सातवी शिकलेला आहे. बिडीच्या कागदावर त्याने जे केलं त्याला आमच्या व्यवसायात 'आयुर्मान खर्चाची तुलना' म्हणतात. तिची रीत सांगणारं भारतीय मानकही आहे, क्रमांक १३१७४, नव्वदच्या दशकात दोन भागांत निघालेलं. मी एकतीस वर्षं सरकारी बांधकामांवर काढली, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. त्या एकतीस वर्षांत खाडीवरच्या एकाही कामाच्या फायलीत मला असा बिडीचा कागद लागलेला दिसला नाही.

म्हणून हे पत्र. निमित्त आमच्या खाडीचंच आहे. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावाच्या दोन वाड्या जोडणारा जुना पूल अवजड गाड्यांना बंद झाला. आता नव्याचा प्रस्ताव तुमच्याकडे येईल, आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे तुमच्यासमोर एकच रक्कम ठेवली जाईल. त्या एका रकमेवर सही करू नका, एवढं सांगायला मी बसलोय. बाकीचं सगळं ह्याचंच स्पष्टीकरण.

आधी जुन्या पुलाबद्दल, कारण तो माझ्या माहितीतला आहे. काम चाललं होतं तेव्हा मी कनिष्ठ अभियंता होतो आणि मोजमाप पुस्तिकेत माझी अक्षरं आहेत. नकाशात सळईवर ५० मिलिमीटर कव्हर दाखवलं होतं. म्हणजे सळई आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये एवढ्या जाडीचं काँक्रीट हवं. प्रत्यक्षात सळई तेवढ्या अंतरावर उचलून धरणारे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, संपले म्हणून मुकादमाने खडीचे तुकडे सळईखाली सरकवले, आणि भरतीच्या आत काँक्रीट ओतून मोकळं व्हायचं होतं म्हणून मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. काही ठिकाणी २५ मिलिमीटर सुद्धा राहिलं नसेल. आज ओहोटीला पुलाखाली होडी नेली की स्लॅबच्या पोटाचे पोपडे सुटलेले आणि सळया उघड्या पडलेल्या दिसतात. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, दोष माझाच होता. पण त्या २५ मिलिमीटरची किंमत किती, ती कोण आणि कधी भरतो, हे मला निवृत्त झाल्यावर नीट मांडता आलं.

मिठाचं गणित असं आहे. समुद्राच्या हवेतलं आणि पाण्यातलं क्लोराईड काँक्रीटमधून हळूहळू आत मुरत जातं. सळईपर्यंत पुरेसं पोचलं की काँक्रीटच्या अल्कधर्मी वातावरणामुळे सळईवर असलेला संरक्षक थर फुटतो आणि गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो, ती जागा मिळवण्यासाठी तो आतून काँक्रीट फोडतो, आणि भेगा पडल्या की मिठाला वाट आणखी मोकळी. आता यातली मेख बघा. मीठ आत मुरायला लागणारा काळ कव्हरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काँक्रीट तेच ठेवून कव्हर निम्मं केलंत तर काळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. पन्नासचं पंचवीस झालं की गंज सुरू होण्याआधीची चाळीस वर्षं दहावर येतात. उलट पन्नासचं पंचाहत्तर केलं तर तोच काळ सव्वादोन पट होतो. त्यासाठी लागतं ते थोडं जास्तीचं काँक्रीट, बाकी काही नाही.

हे काही गुपित नाही. काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत किनाऱ्याच्या हवेत ४५, समुद्राचे तुषार उडतात तिथे ५० आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर कव्हर सांगितलं आहे. त्या पट्ट्यात काँक्रीट किमान एम-४० ताकदीचं, पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४० च्या वर नाही. पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आयआरसी ११२ आहे, तिथेही सगळ्यात कडक परिस्थितीत ७५ च, आणि नेहमीच्या पुलाचं आयुष्य शंभर वर्षं धरून रचना करायची अपेक्षा आहे. कागदावर आपण शंभर वर्षांचाच पूल बांधतो. पैसे मात्र पस्तीस वर्षांच्या पुलाएवढे ठेवतो आणि देखरेख पंधरा वर्षांच्या पुलाएवढी.

आता तो बिडीचा कागद. खालचे आकडे समजण्यासाठी मी धरलेले आहेत, कोणत्या प्रत्यक्ष कामाचे नाहीत. तुम्ही तुमचे घाला.

पर्याय अ, नेहमीच्या रीतीने बांधलेला लहान पूल, १०० लाख. किनाऱ्यावर जे होतं ते गृहीत धरून पंधराव्या वर्षी ३० लाखांची दुरुस्ती, पंचविसाव्या वर्षी ४० लाखांची, आणि पस्तिसाव्या वर्षी पाडून नवा, पाडण्यासह ११५ लाख. पर्याय ब, त्याच लांबीचा पूल, पण स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड मिसळलेलं), घट्ट काँक्रीट, भरतीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर कव्हर, आणि क्लोराईड किती झिरपतं याची चाचणी प्रत्येक टप्प्यावर. हा ११० लाख. पस्तिसाव्या वर्षी २५ लाखांची दुरुस्ती आणि सत्तर वर्षं आयुष्य. दोघांची तुलना सत्तर वर्षांवर करायची, म्हणजे अ चे दोन जन्म आणि ब चा एक. रंगरंगोटी, झाडलोट, दिवे दोन्हीकडे सारखे आहेत, ते मांडायचेच नाहीत. जे दोन्ही बाजूंना सारखं, ते तुलनेतून आपोआप जातं. नवख्या मुलांचा अर्धा वेळ नेमका त्यातच जातो म्हणून सांगितलं.

पुढचे खर्च आजच्या पैशात आणायचे तर बट्टा लावावा लागतो, कारण पस्तीस वर्षांनी द्यायचे शंभर रुपये आज द्यायच्या शंभर रुपयांएवढे जड नसतात. रस्त्यांच्या आर्थिक मूल्यमापनात आपल्याकडे १२ टक्क्यांचा दर रूढ आहे. तो लावला तर पस्तीस वर्षांनंतरचे १०० रुपये आजचे दोन रुपयेसुद्धा भरत नाहीत. त्या दराने अ चा सगळा खर्च येतो साधारण ११०.२ लाख आणि ब चा ११०.५. म्हणजे अ जिंकला! सत्तर वर्षांत दोनदा बांधलेला, चारदा ठिगळं लावलेला पूल हा एकदाच बांधलेल्या पुलापेक्षा तीस हजारांनी स्वस्त. हे गणित चुकलेलं नाही. दर तसा आहे.

तेच गणित ६ टक्क्यांनी करा. अ जातो १३९.६ लाखांवर, ब राहतो ११३.३ वर. सव्वीस लाखांचा फरक. एवढंच नाही, या दराने ब ची सुरुवातीची रक्कम ११० ऐवजी १३६ लाखांपर्यंत चढली तरी तो अ पेक्षा महाग पडत नाही. मग कोणता दर खरा? माझं मत स्पष्ट आहे. वरचे सगळे खर्च मी आजच्या किमतींत धरले, त्यात महागाई धरलेली नाही. मग दरही महागाई वजा केलेलाच हवा. बँकेचं व्याज बघून दर ठरवायचा आणि दुरुस्तीचा खर्च मात्र आजच्या दरसूचीने (सरकारी कामांच्या दरांच्या यादीने) लावायचा, ही चूक मी मोठमोठ्या अहवालांत पाहिली आहे, आणि ती दर वेळी नेमकी स्वस्त बांधकामाच्या बाजूने झुकते. ब्रिटनच्या वित्त खात्याच्या मार्गदर्शिकेत असा महागाईविरहित दर ३.५ टक्के आहे आणि तीस वर्षांपुढच्या खर्चाला तो आणखी खाली उतरतो. आपल्याकडे भांडवल दुर्मीळ, दर जरा जास्त असावा हे मला मान्य. पण एकच दर लावून मोकळं होऊ नका. ४, ८ आणि १२, तिन्हींनी करून बघा. तिन्हींत एकच पर्याय जिंकला तर वाद मिटला. उत्तर फिरलं तर ते कुठे फिरतं हे समितीला कळायला हवं, कारण तो निर्णय मग अभियंत्याचा राहत नाही, तुमचा होतो.

पण आतापर्यंतच्या हिशेबात एक माणूस आलेलाच नाही, तो म्हणजे पुलावरून जाणारा. पूल बंद पडला तर आमच्याकडे खाडीच्या टोकाला वळसा घालून जावं लागतं. कोकणात हे कोणाला समजावून सांगायला नको. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा इथल्या फेरीबोटी नेमक्या याच कारणाने चालतात: समोरचं गाव हाकेच्या अंतरावर आणि रस्त्याने तासाच्या पलीकडे. समजा वळसा ३० किलोमीटरचा, दिवसाला २०० गाड्या, किलोमीटरला ८ रुपये. रोजचे ४८ हजार झाले. नवा पूल होईपर्यंत २४० दिवस बंद राहिला तर ११५ लाख. पुलाच्या मूळ किमतीपेक्षा जास्त! आणि यात माणसांचा वेळ, दवाखान्यात पोचायला झालेला उशीर, बर्फ वितळून उतरलेला मासळीचा भाव, काहीच धरलं नाही. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीला अ साठ दिवस बंद आणि ब तीस दिवस बंद असं धरून हा वळसा हिशेबात घेतला, तर त्याच कडक १२ टक्क्यांनीसुद्धा अ ११९ लाखांच्या पुढे जातो आणि ब १११ च्या आत राहतो. म्हणजे आधीचं उत्तर उलटं झालं. अ स्वस्त दिसत होता कारण त्याचं अर्धं बिल गावकऱ्यांच्या पेट्रोलच्या टाकीतून जात होतं.

इथेच खरा तिढा आहे, आणि तो तांत्रिक नाही. तांडेलाचं इंजिन आणि डिझेल एकाच खिशातून जातं. आपल्या पुलाचं तसं नाही. बांधायचे पैसे एका लेखाशीर्षाचे, म्हणजे सरकारी हिशेबातल्या एका खात्याचे, दुरुस्तीचे दुसऱ्या, आणि वळशाचे कोणाच्याच शीर्षाचे नाहीत. बांधणारा ठेकेदार दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला की मोकळा. मंजुरी देणारी समिती पाच वर्षांनी बदलते, सही करणारा अभियंता तीन वर्षांनी. गंज मात्र कोणाची बदली होण्याची वाट बघत नाही, तो बाराव्या-पंधराव्या वर्षी येतो, आणि तेव्हा फायलीवर चौथ्याच माणसाचं नाव असतं. माझ्या पुलाच्या बाबतीत मी बदली होऊन दोन तालुके पलीकडे होतो.

हीच गोष्ट नळपाणी योजनांत बघा, तिथे ती जास्त लवकर दिसते. दहा हॉर्सपॉवरचा पंप रोज सहा तास चालला तर मोटरमधला तोटा धरून वर्षाला एकोणीस हजारांवर युनिट वीज लागते. युनिटला ६ रुपये धरले तरी एक लाख पंधरा हजारांच्या आसपास. पंपाची किंमतही साधारण तेवढीच धरा. म्हणजे दर वर्षी ग्रामपंचायत एक नवा पंप वीज कंपनीला देते. मग पंप निवडताना पाच-दहा हजारांची बचत बघायची की कार्यक्षमतेचे चार-पाच टक्के? पंप योजनेतून येतो, बिल ग्रामपंचायतीला येतं. पुढे काय होतं ते प्रत्येक सरपंचाला ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, म्हातारा पुस्तकी बोलतोय. मग प्रत्यक्ष झालेलं सांगतो, आपल्याच किनाऱ्यावरचं. पणजीचा मांडवीवरचा पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा पूल सत्तरच्या सुमारास झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. आतल्या ताणलेल्या केबली गंजल्या होत्या. सोळा-सतरा वर्षं. त्यानंतरची काही वर्षं माणसं आणि गाड्या पुन्हा फेरीबोटीने खाडी ओलांडत होती. तो वळशाचा खर्च कोणत्या अंदाजपत्रकात होता? ठाण्याच्या खाडीवरचा सत्तरच्या दशकातला पहिला पूलही केबलींच्या गंजानेच पोखरला गेला आणि पंचवीस वर्षांच्या आत शेजारी दुसरा उभा करावा लागला.

दुसरा दाखला लांबचा, पण माझा फार आवडता. मेक्सिकोत युकातानच्या किनाऱ्यावर प्रोग्रेसो नावाचं बंदर आहे. तिथला धक्का १९३७ ते १९४१ मध्ये बांधला, त्यात स्टेनलेस स्टीलच्या सळया घातल्या. तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं असेल. तो धक्का आजही उभा आहे. शेजारीच पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस साध्या सळयांचा धक्का बांधला, त्याचे आता पाण्यातून वर आलेले थोडे खांब उरलेत. दोन्ही धक्क्यांना समुद्र तोच, मीठ तेच, ऊनही तेच.

आपल्याकडे सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं सगळे अभिमानाने सांगतात, व्यासपीठावर तर हमखास. मला दर वेळी प्रश्न पडतो, त्या शिशाचा आयटम आजच्या दरसूचीत बसवून तुमच्याकडे आणला असता तर 'अवाजवी' असा शेरा मारून परत आला नसता का?

आता याची दुसरी बाजू, नाहीतर मी स्टेनलेसचा विक्रेता आहे असा समज व्हायचा. आयुर्मानाचा हिशेब दर वेळी महागाच्या बाजूने निघत नाही, आणि निघायलाही नको. आमच्या खालच्या बंदरावर पक्क्या काँक्रीटच्या जेटीची मागणी आहे. मी त्या मागणीच्या विरोधात आहे, आणि त्यावरून वाडीत माझ्याशी दोन महिने कोणी नीट बोललं नाही. कारण गाळ. खाडीचं तोंड दर वर्षी सरकतंय, माझ्या लहानपणी जिथे होडी लागायची तिथे आज मुलं क्रिकेट खेळतात. पंधरा-वीस वर्षांनी जिथे पाणीच राहील की नाही शंका आहे, तिथे सत्तर वर्षं टिकणारी जेटी बांधणं म्हणजे वाळूत पैसे रोवणं. तिथे तरंगता धक्का किंवा लाकडी खांबांची साधी जेटी पुरे, सरकवता तरी येईल. वस्तू किती टिकेल आणि तिची गरज किती टिकेल, यातलं जे कमी तेच तिचं आयुष्य.

किंवा कठडे घ्या. साधं लोखंड रंगवून लावलं तर खाऱ्या हवेत दर दोन-तीन वर्षांनी खरवडून पुन्हा रंगवावं लागतं, आणि तसं कोणी करत नाही. गरम जस्ताचा थर दिलेलं लोखंड बरंच जास्त टिकतं. स्टेनलेस सगळ्यात टिकाऊ, कागदावर. प्रत्यक्षात शेजारच्या एका पुलाचे स्टेनलेसचे पाईप एका अमावस्येच्या रात्री भंगारवाल्याकडे पोचले. चोराचा धोका हाही आयुर्मान खर्चाचा भाग आहे, फक्त तो मानकात लिहिलेला नाही. म्हणून मी तिथे फायबरचे कठडे सुचवीन, त्यांना गंज नाही आणि भंगारात भावही नाही.

आणि छोट्या वस्तू विसरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हा आमच्या वाडीतली अर्धी कौलं उडाली. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेकांनी कौलांच्या जागी पत्रे घातले. चूक होती असं मी म्हणणार नाही, मे महिन्यात कौलं चाळायला आता माणूस मिळत नाही, तोही खर्चच. पण पत्रे चांगले घेतले आणि हूक घेतले सर्वात स्वस्तातले. चार पावसाळ्यांत पत्रे शाबूत आणि हुकांचे गंजून दोरे झालेले. पुढच्या वादळात पत्रा जाईल तो हुकामुळे. संपूर्ण छपराच्या तुलनेत हुकांचा फरक म्हणजे चहापाणी. पुलांतही तेच असतं, बेअरिंग, सांध्यांच्या पट्ट्या, पाणी वाहून नेणारे पाईप. पाणी वाहायचा पाईप तुंबला की पुलाचं पोट भिजतं, आणि पाईप साफ करायला लागतो एक माणूस आणि एक काठी.

तपासणीचंही असंच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला, त्यावरून जाणाऱ्या एसटी गाड्यांसह. १९२८ मधला पूल. त्यात सळईच नव्हती, म्हणून मिठाने त्याला काही केलं नव्हतं. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, कौतुकही झालं. पण आयुर्मान खर्चात दर वर्षीच्या तपासणीचे आणि पाण्याखालचा पाया बघायला पाठवायच्या माणसाचे पैसे पहिल्या दिवसापासून धरायचे असतात. ते धरले नाहीत तर स्वस्त आणि महाग हे शब्दच निरर्थक होतात. त्या रात्रीबद्दल मी यापेक्षा जास्त काही लिहू शकत नाही. मी त्या पुलावरून शेकडो वेळा गेलो आहे.

आता तुमच्याकडे मागणं. प्रशासकीय मान्यतेच्या वेळी प्रत्येक खाडीवरच्या कामाला एक जादा पान जोडायला सांगा. त्यावर किमान दोन पर्याय असू द्या, पैकी एक नेहमीचा. दोन्हींचे पुढच्या दुरुस्त्यांचे खर्च वर्षासकट, बंद राहण्याचे दिवस, आणि तीन दरांनी काढलेली आजची एकूण रक्कम. मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, साध्या एक्सेलच्या तक्त्यावर दुपारभरात होतं. आकडे अंदाजाचे असणार, असू द्या. चुकीचा का होईना, पण लिहिलेला अंदाज दहा वर्षांनी तपासता येतो. न लिहिलेला अंदाज कोणाच्या बापालाही तपासता येत नाही.

याच्या जोडीला दुरुस्तीची रक्कम कोणत्या लेखाशीर्षातून आणि कोणत्या कार्यालयाने द्यायची, हे त्याच पानावर नावाने लिहून घ्या. पंधराव्या वर्षी ३० लाख लागणार असतील तर ते कुठून येणार हे पहिल्या वर्षी माहीत असावं. आणि ब पर्याय निवडलात तर ते जास्तीचे दहा लाख कशाला आहेत हे विसरू नका. त्यातला थोडाच भाग सिमेंट आणि कव्हरचा आहे. बाकीचे पैसे उभं राहून बघणाऱ्या माणसाचे, चाचण्यांचे, आणि कव्हर नसेल तर काँक्रीट ओतू न देण्याच्या अधिकाराचे आहेत. ते वाचवलेत तर ब म्हणजे फक्त महागडा अ.

तरुण मित्रांनो, तुमच्यासाठी एकच. भरती येतेय, ट्रान्झिट मिक्सर उभा आहे, ठेकेदार घड्याळ दाखवतोय, अशी वेळ तुमच्यावर येणार. माझ्यावर आली होती. तेव्हा कव्हर ब्लॉक मोजा. नसतील तर मिक्सर परत पाठवा. त्या दिवशीच्या काँक्रीटचं नुकसान किती ते लिहून ठेवा, ती रक्कम फार मोठी नसते. आज माझ्याकडे दोन्ही आकडे आहेत म्हणून सांगतोय.

समितीच्या ज्या सदस्यांना वेळ असेल त्यांनी आमच्या जुन्या पुलाकडे यावं. मान्यतेची फाईल घेऊनच या. पण अमावस्येला किंवा पौर्णिमेला, उधाणाच्या ओहोटीच्या वेळी या. एरवी पाणी एवढं खाली जात नाही आणि खांबांचा गंजाने खाल्लेला भाग झाकलेला राहतो. होडी मी सांगून ठेवीन, तांडेल ओळखीचा आहे. त्याचं नवं इंजिन डिझेल कमी खातं, तेही बघून घ्या.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता
दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी